नव्या पंपाच्या चाचणीत एक वर्ष

मला दमा आहे हे पक्कं झालं ते लग्नानंतर बोईसरला राहायला आल्यावर. त्याआधी माहेरी, चिंचणीला, सर्दी झाली की खोकला महिनाभर रेंगाळायचा. छाती नाजूक आहे म्हणून सगळे सोडून द्यायचे. आमचं घर नवापूर रस्त्याच्या बाजूला. यांची नोकरी तारापूर एमआयडीसीत, माझी पालघरला, एका कार्यालयात हिशेबाचं काम. आमच्याकडे कोणत्या रात्री कारखान्यांचा वास येतो हे कुणाला विचारावं लागत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत पहाटे जास्त येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत वरच्या क्रमांकावर होतं. माझा दमा त्यानेच झाला असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या चाळीत एवढी वर्षं राहूनही काही न झालेली माणसं आहेत. पण दमा असलेल्याला इथली हवा जड जाते, हे रोजचं आहे.

चाचणीत जाण्याआधी माझी अवस्था अशी होती. सकाळ-संध्याकाळ कॅप्सूलचा पंप, त्यात स्टेरॉइड आणि बराच वेळ टिकणारं श्वासनळी उघडणारं औषध, अशी दोन औषधं. शिवाय पर्समध्ये निळा साल्ब्युटामॉलचा पंप. तरी आठवड्यातल्या दोन-तीन रात्री उठून बसावं लागायचं. ऋतू बदलला की गोळ्यांचा स्टेरॉइड कोर्स. एका दिवाळीनंतर तर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्या गोळ्यांनी तोंड सुजायचं, झोप उडायची, साखर वाढायची. मुलगी दहावीत होती आणि रात्री माझा खोकला सुरू झाला की ती पुस्तक मिटून माझ्याजवळ येऊन बसायची. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पालघरच्या डॉक्टरांनी एक कागद भरायला दिला. पाच प्रश्न, गेल्या चार आठवड्यांबद्दल: कामात अडथळा किती, धाप किती वेळा, रात्री जाग किती वेळा, निळा पंप किती वेळा, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. पूर्ण गुण २५. १९ किंवा त्याखाली आले तर दमा आटोक्यात नाही. माझे ११ आले. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या छातीच्या विभागाला चिठ्ठी दिली. तिथे दोन-तीनदा तपासून झाल्यावर तिथल्या मॅडमनी विचारलं, एका नव्या पंपाची चाचणी चालू आहे, माहिती ऐकून घ्याल का? लगेच हो म्हणू नका, कागद घरी न्या, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. रुग्णालयाचं आणि औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही. सहभागी असताना ते सांगायचं नाही असं ठरलं होतं आणि मला ते पाळायचं आहे.

कागद म्हणजे मराठीतलं वीस-बावीस पानांचं संमतिपत्र. मी ते लोकलमध्ये वाचलं, मग घरी यांनी वाचलं. "अगं, तुला प्रयोगाचा उंदीर करतायत," हे यांचं पहिलं वाक्य. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त दडपण आलं. आम्ही तिघांनी बसून प्रश्न काढले आणि पुढच्या वेळी हे सोबत आले.

प्रश्न साधे होते. माझं चालू औषध बंद करणार का? नाही. स्टेरॉइड आणि श्वासनळी उघडणारं औषध दोन्ही गटांना मिळणारच होतं. एका गटाच्या पंपात तिसरं औषध मिसळलेलं, दुसऱ्याच्या नाही. मी कोणत्या गटात हे मला कळणार नाही आणि मॅडमनाही नाही, ते संगणक ठरवणार. दमेकऱ्याला नुसतं पाणी दिल्यासारखं खोटं औषध देऊन वर्षभर ठेवणार असते, तर आम्ही तिथेच उठलो असतो. मधेच नको वाटलं तर? कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि रुग्णालयातले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. काही बरं-वाईट झालं तर? चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाईही, हे आपल्याकडे २०१९च्या नव्या औषध व चाचणी नियमांत लिहिलेलं आहे. संमतिपत्राच्या शेवटी नीतिसमितीचा फोन नंबर होता. यांनी घरी येऊन चाचणीचा नोंदणी क्रमांक सरकारच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे. चाचणी सापडली, रुग्णालयाचं नावही त्यात होतं. त्यानंतर यांचा विरोध मावळला.

एक प्रश्न मी एकटीने विचारला. ही तीन औषधं एकत्र आधी कुणी घेतली आहेत का? मॅडमनी सांगितलं की अशा प्रकारच्या पंपांवर परदेशात मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. मी नंतर शोधून वाचलं. २०१९ साली लॅन्सेटमध्ये ट्रायमरान आणि ट्रिगर या दोन चाचण्या छापून आल्या. बेक्लोमेटासोन, फॉर्मोटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियम अशी तीन औषधं एकाच पंपात. फक्त दोन औषधं घेणाऱ्यांपेक्षा, पहिल्या सेकंदाला जोरात बाहेर टाकलेली हवा ट्रायमरानमध्ये सरासरी ५७ मिलिलिटरने आणि ट्रिगरमध्ये ७३ मिलिलिटरने जास्त भरली. ५७ मिलिलिटर म्हणजे एका कटिंग चहाएवढं. दमा उसळण्याचं प्रमाण ट्रायमरानमध्ये १५ टक्क्यांनी कमी झालं, ट्रिगरमधला फरक मात्र पक्का ठरला नाही. म्हणजे जादू नाही. हे आधी वाचलं ते बरं झालं. अवास्तव अपेक्षा न ठेवता गेले.

पहिली मोठी तपासणी स्पायरोमेट्रीची. त्याच्या आधी काही तास निळा पंप घ्यायचा नाही, सकाळचा नेहमीचा पंपही नाही, म्हणजे मशीनवर फुफ्फुसाची खरी स्थिती दिसते. मुंबईतल्या माणसाला हे सोपं असेल. बोईसरहून सकाळी लवकर पोहोचायचं तर पहाटेची लोकल धरावी लागते, आणि औषध न घेता, गर्दीत, अडीच-तीन तास. एकदा वैतरणा ओलांडल्यावर डब्यात कुणीतरी डिओ मारला आणि माझी छाती आवळली. मी पंप घेतला. रुग्णालयात पोहोचून घाबरत सांगितलं, तर चाचणीचं काम पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, "घेतला ते बरोबर केलंत. तपासणी पुढच्या आठवड्यात करू." हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. तपासणी वाया जाईल म्हणून दम अडकलेला असताना पंप न घेणारी एक बाई मी तिथे पाहिली आहे. तसं कुणी करू नये. त्या दिवसानंतर मी एकटीने जाणं बंद केलं. कधी हे, कधी माझी विरारची भावजय सोबत असायची.

स्पायरोमेट्री म्हणजे नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, पूर्ण छाती भरून श्वास आणि मग एकदम सोडायचा. तंत्रज्ञ समोर उभा राहून ओरडतो, "सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, अजून, थांबू नका!" छातीत काही उरलं नाही असं वाटतं तेव्हाही तो "अजून" म्हणत असतो. पडद्यावर रेघ सपाट होईपर्यंत. निदान तीनदा करायचं, नीट आलं नाही तर आणखी. मग पंपाचे चार दाब देतात, थोडा वेळ बसवतात आणि पुन्हा तेच. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यात १२ टक्के आणि २०० मिलिलिटर असा दोन्ही हिशेबाने फरक पडला तर श्वासनळ्या औषधाने उघडतात असं धरतात. माझा पडला. पहिल्या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली होती. खुर्चीला हात असतात ते त्यासाठीच.

यानंतर लगेच नवा पंप मिळत नाही. आधी काही आठवडे सगळ्यांना सारखंच ठराविक औषध देऊन पाहतात. याच काळात एक गोष्ट पाहिली, ती मला साऱ्या चाचणीतली सर्वांत उपयोगाची वाटली.

माझ्याबरोबर केळवे-माहीमचे एक काका होते. पानवेलीची वाडी होती त्यांची. वीस वर्षांचा दमा, खिशात रोटाकॅप. ताईंनी त्यांना सांगितलं, तुम्ही घरी घेता तसंच माझ्यासमोर घ्या. काकांनी कॅप्सूल घातली, यंत्र फिरवलं, तोंडात धरलं आणि चहा भुरकावा तेवढाच श्वास ओढला. ताईंनी यंत्र उघडून कॅप्सूल पांढऱ्या कागदावर झटकली. बरीचशी पूड कागदावर पडली. काका बघतच राहिले. त्यांना वीस वर्षांत कुणी घेऊन दाखवायला सांगितलं नव्हतं. ताईंनी त्यांच्याकडून तीन-चारदा करवून घेतलं. आधी पूर्ण श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, नाहीतर पूड ओली होते. मग जोरात आणि खोल ओढायचं. मग दहापर्यंत मोजेस्तोवर श्वास धरायचा. गॅसच्या दाबाच्या पंपाचं उलट असतं: हलवायचा, आणि दाबताना श्वास सावकाश घ्यायचा, शक्यतो स्पेसरची नळी लावून. शेवटी चूळ भरून टाकायची.

काही आठवड्यांनी काका पुन्हा भेटले तेव्हा नाराज होते. त्यांना चाचणीत घेतलं नव्हतं. त्यांचे गुण २० च्या वर गेले होते. जुनंच औषध नीट आत गेलं आणि दमा आटोक्यात आला. चाचणी तर दमा आटोक्यात नसलेल्यांसाठी होती. ते मला म्हणाले, "एवढं लांब आलो आणि नवीन औषध नाहीच मिळालं." मॅडमनी त्यांना समजावलं की तुम्हाला हवं ते मिळालंय. मला त्यांचा हेवा वाटला, हे खरं सांगते. माझी पद्धत ताईंनी तपासली होती, कॅप्सूल रिकामी निघत होती. तरी माझे गुण १३ वरच.

मला घेतलं. पंप मिळाला. पांढरा डबा, वर फक्त क्रमांक. सोबत श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर आणि वही. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहायचा, रात्री जाग आली का, निळा पंप किती वेळा घेतला, सगळं. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग मुलगीच वही घेऊन समोर बसायला लागली. पहिल्या महिन्यात आवाज बसला आणि तोंड कोरडं पडायचं. जिभेवर पांढरा थर आला तेव्हा फोन केला, त्यांनी औषध दिलं आणि चूळ भरण्याबद्दल पुन्हा बजावलं. बाकी तीन-चार महिने चांगले गेले. रात्री झोप लागू लागली. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातून पळून जावं लागत नव्हतं.

मग जुलै आला. मुलीला सर्दी झाली, ती मला झाली. माझा चांगल्या दिवसांतला पीक फ्लो ३४०च्या आसपास असतो. तो २६०वर आला, दुसऱ्या दिवशी २३०. वहीतले आकडे खाली येत होते, पण धाप अजून फारशी जाणवत नव्हती. ते आकडे पाहून हे म्हणाले, फोन कर. चाचणीच्या समन्वयक ताईंनी लक्षणं विचारली, गोळ्यांचा कोर्स चालू करायला सांगितलं आणि उद्या येऊन दाखवा म्हणाल्या. त्या रात्री धो धो पाऊस. खिडक्या बंद करूनही एमआयडीसीच्या बाजूचा वास घरात आलेला. पहाटेपर्यंत मला एक वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. सर्दीमुळे की वासामुळे, ते सांगता येणार नाही. नालासोपारा-वसईला रुळांवर पाणी, लोकल बंद. मुंबई गाठणं अशक्य.

यांनी शेजाऱ्यांची गाडी काढली आणि बोईसरमधल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध चालू आहे? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पण माझ्याकडे चाचणीचं ओळखपत्र होतं, पर्समध्ये, पारपत्राच्या आकाराचं. त्यावर लिहिलेलं: पंपात स्टेरॉइड आणि श्वासनळी उघडणारं औषध आहेच, तिसरं असू शकतं, नेहमीचे तातडीचे उपचार करावेत, आणि चोवीस तास चालणारा नंबर. डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडून सांगितलं, ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइड, सगळं नेहमीसारखं द्या. जिवावर बेतलं तर माझ्या पंपात काय आहे तेही तिकडून उघड करता येतं. तशी वेळ आली नाही. दोन रात्री तिथे काढल्या. ते कार्ड घरी कपाटात राहिलं असतं तर तो अर्धा तास शोधाशोधीत गेला असता.

बिल आधी आम्हीच भरलं. भरती व्हावं लागलं की ती गंभीर घटना धरली जाते. संशोधकांना ती चोवीस तासांत सरकारी नियंत्रकांना, कंपनीला आणि नीतिसमितीला कळवावी लागते. तसं त्यांनी केलं. पैसे परत मिळाले, पण बरेच आठवडे गेले आणि मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या सगळं मागितलं. प्रवासखर्च मात्र प्रत्येक वेळी हातात मिळायचा. मी भरती असताना यांनी एकही कागद न फेकता सगळे एका पिशवीत ठेवले होते, म्हणून बिलाचं निभावलं.

बरी झाल्यावर सोडून द्यावं असं मनात आलं. मॅडमना तसं सांगितलंही. त्यांनी आग्रह केला नाही. विचार करा, आणि सोडलंत तरी शेवटची एक तपासणी करून जा, एवढंच म्हणाल्या. मी पुढे चालू ठेवलं, कारण आधीचे चांगले महिने आठवत होते, आणि आमच्या भागातल्या माणसाची नोंद त्या कागदांत असावी असंही वाटत होतं. नवी औषधं बहुतेक परदेशातल्या माणसांवर तपासली जातात. तारापूरजवळ राहणारं, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येणाऱ्या घरातलं फुफ्फुस त्यात असायला हवं.

वर्ष संपलं त्या दिवशी पंप परत घेतला. रिकामे डबेसुद्धा मोजून घेतात. मला माहीत होतं की हे होणार, संमतिपत्रात लिहिलं होतं. तरी परतीच्या गाडीत रडू आलं. बारा महिने ज्यावर विसंबले तो डबा गेला, आणि त्यात काय होतं तेही कळलं नाही. चाचणी संपल्यावर नवं औषध देत राहण्याची तरतूद नियमांत आहे, पण दुसरा उपचारच नसेल तेव्हा. दम्याला दुसरे उपचार आहेत, म्हणून आम्हाला नाही. हा भाग सुरुवातीलाच तोंडी, मोठ्याने सांगायला हवा असं माझं मत आहे. अठराव्या पानावर लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

पुढचं मॅडमनीच ठरवलं. जुन्या कॅप्सूलवर परत न पाठवता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकच पंप दिला. सकाळ-संध्याकाळ तोच, आणि मधे दम लागला तरी तोच, दिवसाची कमाल मर्यादा लिहून दिलेली. निळा पंप नळ्या उघडतो पण आतली सूज तशीच ठेवतो. प्रत्येक वेळी सुजेवरचं औषधही सोबत गेलं तर उसळी कमी येते. दम्याची जागतिक मार्गदर्शक सूत्रं ठरवणाऱ्या जिनाने २०१९पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं म्हटलं आहे. हे औषध औषधाच्या दुकानात आधीपासून मिळत होतं. नवं काही शोधायला मी मुंबईला गेले आणि जे लागू पडलं ते बोईसर स्टेशनसमोर मिळतं. माझे गुण आता १९ आणि २१ च्या मधे असतात. गेल्या थंडीत गोळ्यांचा एक कोर्स लागला.

परवा पास्थळच्या एका मुलाने विचारलं, त्याच्या आईला तशाच एका चाचणीबद्दल सांगितलंय, जावं का. मी त्याला आधी आईला रोटाकॅप घ्यायला लावून कॅप्सूल कागदावर झटकून बघ म्हटलं. पूड उरली तर पालघरला दाखवून पद्धत शिकून घ्या, महिनाभर थांबा. तरी रात्री उठावं लागत असेल तर जा. संमतिपत्राची सही झालेली प्रत मागून घ्या, नोंदणी क्रमांक तपासा, चाचणी संपल्यावर काय देणार ते आधी विचारा. आणि पहाटेच्या गाडीला तिला एकटीला सोडू नकोस. त्याने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. रविवारी कॅप्सूल घेऊन तो आईला माझ्याकडे आणणार आहे.